‘हंग्री’ म्हणजे भूक नव्हे

मॅडम, नमस्कार. मी शिवाजी पेठेत राहते, घरी ब्लाउज शिवते. माझी दहावी मराठी शाळेत झाली. मुलगी यंदा सेमी इंग्रजीतून दहावीला आहे. तिचं व्याकरण मीच घ्यायचं ठरवलं, कारण शाळेत असताना माझं मराठी व्याकरण पक्कं होतं. शब्दांच्या आठ जाती मला आजही झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. पण गेल्या महिन्यातल्या चाचणीत तिचे मार्क माझ्यामुळं गेले. ‘आय ॲम हंग्री’ यातल्या ‘हंग्री’ची जात विचारली होती. हंग्री म्हणजे भूक आणि भूक म्हणजे नाम, असं मीच तिला सांगितलं होतं. ‘फ्रेंडली’ला तिनं क्रियाविशेषण लिहिलं, कारण शेवटी ‘ली’ आला की क्रियाविशेषण, असा तक्ता मी फ्रिजवर चिकटवलाय. ‘शी वॉज व्हेरी अँग्री’ हे वाक्य नामरूप वापरून लिहायचं होतं, तिथं तिनं ‘शी वॉज व्हेरी अँगर’ लिहिलं. पेपर हातात आल्यावर ती म्हणाली, ‘आई, तू आता सांगत जाऊ नको.’ तेव्हापासून ती वही माझ्यापासून लांब ठेवते. मी नाद सोडून देऊ का?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, नाद सोडू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीन चुका तीन तऱ्हेच्या दिसत असल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही शब्दाला वाक्यातून उचलून बाजूला घेता आणि मग त्याला त्याची जात विचारता. एकट्या शब्दाला ती सांगता येत नाही. तुमच्या मशीनशेजारी कापलेल्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. त्यातला एक तुकडा उचलून मला कुणी विचारलं, ही पट्टी कशाची, तर मी काय सांगणार? ती गळ्याला लागली तर गळपट्टी, हुकांच्या बाजूला लागली तर हुकपट्टी. कापड तेच, पण ते कुठं शिवलं यावर त्याचं नाव ठरतं. इंग्रजी शब्दाचंही तसंच आहे.

‘हंग्री’पासून सुरुवात करू. तुमची ही चूक अडाणीपणाची मुळीच नाही. मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी वर्गातली हुशार मराठी मुलं नेमकी इथंच अडकताना पाहिली. आपल्या भाषेत भूक लागते, राग येतो, थंडी वाजते, भीती वाटते, कंटाळा येतो. या सगळ्या वाक्यांत ती भावना हे नाम आहे आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. भूक मला लागते, राग मला येतो. इंग्रजीची मांडणी उलटी. ती माणसाला कर्त्याच्या जागी बसवते आणि त्याला एक विशेषण जोडते. आय ॲम हंग्री, आय ॲम अँग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम अफ्रेड, आय ॲम बोअर्ड. ही सगळी विशेषणं आहेत. आपण त्यांचा मराठी अर्थ मनात आणतो तेव्हा हाती येतं नाम, आणि मग तीच जात इंग्रजी शब्दावर लिहून मोकळे होतो.

अर्थावरून जात ठरत नाही याचा पुरावा मराठीतच आहे. ‘मला भूक लागलीय’ आणि ‘मी उपाशी आहे’ या दोन वाक्यांतून आईला कळायचं ते एकच कळतं, ताट वाढायला घ्या. पण पहिल्यात ‘भूक’ नाम आहे आणि दुसऱ्यात ‘उपाशी’ विशेषण. ‘हंग्री’ हा ‘उपाशी’चा भाऊ. ‘भूक’ला इंग्रजीत ‘हंगर’ म्हणतात. लेकीला एवढी एक जोडी दाखवा. तुम्ही जे चुकीचं सांगितलंत ते का चुकलं हेही तिला त्यातून कळेल, आणि तुम्हाला व्याकरण येतं हेही.

मग वाक्यात बघायचं काय? मराठीत नाम आपली ओळख अंगावर घेऊनच फिरतं. भुकेनं, भुकेला, भुकेचा. प्रत्यय लागतो, त्याआधी सामान्यरूप होतं, आणि शब्द कुठंही ठेवला तरी ओळखता येतो. ‘कुत्रं माणसाला चावलं’ म्हणा किंवा ‘माणसाला कुत्रं चावलं’ म्हणा, चावणारं कुत्रंच राहतं. इंग्रजीत ‘द डॉग बिट द मॅन’मधल्या डॉग आणि मॅन यांच्या जागा बदलल्या की माणूसच कुत्र्याला चावतो. तिथं विभक्तीचे प्रत्यय जवळपास उरलेलेच नाहीत, म्हणून सगळा भार जागेवर आलाय. शब्दाच्या मागंपुढं कोण बसलंय ते बघायचं. शब्दाआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘हर’, ‘धिस’ यांपैकी काही आलं किंवा ‘विथ’, ‘इन’, ‘ऑफ’ असं शब्दयोगी आलं, तर पुढं बहुतेक वेळा कुठंतरी नाम येतं. ‘माय हंगर’ म्हटलं की बोलणं पुरं झालं. ‘माय हंग्री’ म्हटलं की ऐकणारा थांबतो. हंग्री काय? हंग्री चाइल्ड? म्हणजे ‘हंग्री’ हे विशेषण, आणि ज्याची वाट बघत होतो ते ‘चाइल्ड’ हे नाम. दुसरी खूण ‘व्हेरी’ची. ‘व्हेरी हंग्री’ चालतं, ‘व्हेरी हंगर’ चालत नाही. लेकीच्या कानाला हा फरक लगेच कळेल, कारण तिनं तुमच्यापेक्षा जास्त इंग्रजी ऐकलंय.

‘फास्ट’ हा एकच शब्द घेऊन बसा. नवरात्रात अंबाबाईचा उपवास तुमच्याही घरी असेल. ‘आय कीप अ फास्ट’, मी उपवास धरते: आधी ‘अ’ आहे, फास्ट नाम. ‘आय फास्ट इन नवरात्र’, मी नवरात्रात उपवास करते: ‘आय’च्या लगेच पुढं क्रियापदाची जागा, फास्ट क्रियापद. ‘अ फास्ट बस’: आधी ‘अ’ आहेच, पण पुढं ‘बस’ आहे आणि फास्ट तिच्याबद्दल सांगतोय, म्हणून विशेषण. ‘रन फास्ट’: कसं पळ? क्रियाविशेषण. स्पेलिंग एकच, उच्चार एकच, जाती चार. या चारपैकी कुठली जात ‘फास्ट’ची खरी, असं विचारण्यात काही अर्थ नाही. शब्दाची जात त्याच्या जन्मावर ठरत नाही, त्या त्या वाक्यात तो जे काम करतो त्यावर ठरते. शाहू महाराजांच्या गावात राहून निदान व्याकरणातली जात तरी मुलांना अशी शिकवता यावी, असं मला फार मनापासून वाटतं.

हे मराठीतही चालतं, फक्त आपण त्याकडं लक्ष देत नाही. ‘मोठ्यांना मान द्यावा’ यात ‘मोठा’ हे विशेषण नामाचं काम करतंय आणि त्याला ‘ना’ लागलाय. इंग्रजीत ‘द रिच’, ‘द पुअर’ म्हणतात ते हेच. ‘ती चांगली गाते’ यात ‘चांगली’ गाण्याबद्दल सांगते. ‘खेळ’ हे नाम आहे आणि ‘जा, बाहेर खेळ’ यात तेच क्रियापद. तुमचं मराठी व्याकरण पक्कं होतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हे तुम्ही शिकलेलंच आहे.

‘आयएनजी’वाले शब्द पोरांना फार छळतात, त्यांच्यासाठी आपलं कुस्त्यांचं खासबाग मैदान डोळ्यांपुढं आणा. ‘रेसलिंग इज अवर प्राइड’: कुस्ती हा आमचा अभिमान, इथं रेसलिंग कर्त्याच्या जागी आहे, म्हणून नाम. ‘दे आर रेसलिंग’: ते लढताहेत, ‘आर’ला जोडून क्रिया चाललीय, क्रियापद. ‘द रेसलिंग बॉइज’: लढणारी पोरं, विशेषण. मराठीत धातूला प्रत्यय लावून ‘लढणं’ हे नाम होतं आणि ‘लढणारा’ हे विशेषण होतं. आपल्याकडं प्रत्यय वेगळे आहेत म्हणून घोळ होत नाही. इंग्रजीनं दोन्हीकडं एकच ‘आयएनजी’ लावलाय, म्हणून जागा बघावी लागते. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘टिल’ यांचंही असंच. ‘आफ्टर लंच’ यात पुढं नुसतं नाम, म्हणून शब्दयोगी. ‘आफ्टर वी एट’ यात पुढं कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य, म्हणून उभयान्वयी. मराठीत शब्दयोगी नामाच्या मागून येतं, जेवणानंतर, घराजवळ. इंग्रजीत ते नामाच्या आधी येऊन उभं राहतं. लेक शोधताना चुकीच्या बाजूला बघत असेल तर एवढं तिला सांगा.

आठ जाती पाठ आहेत ही चांगली गोष्ट, पण आठ हा आकडाही कुणी दगडात कोरलेला नाही. प्राचीन काळी यास्कानं ‘निरुक्त’ या संस्कृत ग्रंथात शब्दांचे चारच वर्ग केले: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्ययं. त्यात विशेषणाला वेगळं घर नव्हतं, ते नामातच राहायचं. जुन्या लॅटिन व्याकरणातही तसंच होतं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती, आणि पुढं मराठी शाळांत आठ जातींची जी उजळणी रुळली तिच्यावर त्या चौकटीची छाप आहे. म्हणूनच तुम्ही मराठी शाळेत जे शिकलात ते लेकीच्या इंग्रजी वहीत इतकं सहज बसतं. आताची इंग्रजी व्याकरणं ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ यांचा वेगळा गट करतात, पूर्वी त्यांना विशेषणांत घालत. परीक्षेत मात्र तिच्या पाठ्यपुस्तकात जे नाव दिलंय तेच लिहायला सांगा, तिथं वाद घालण्यात हशील नाही.

आता फ्रिजवरचा तक्ता. तो फाडू नका, त्याला एक रकाना वाढवा. तक्त्यात तुम्ही फक्त शेपूट लिहिलंय. ते शेपूट कुणाला जोडलंय हे लिहिलं की तोच तक्ता खरा होतो. ‘ली’ विशेषणाला लागला तर क्रियाविशेषण होतं: स्लोचं स्लोली, पोलाइटचं पोलाइटली. ‘ली’ नामाला लागला तर मात्र विशेषण होतं: फ्रेंडचं फ्रेंडली, कॉस्टचं कॉस्टली, मदरचं मदरली. तुमच्या लेकीनं ‘फ्रेंडली’मधला ‘फ्रेंड’ झाकून न ठेवता त्याच्याकडं आधी पाहिलं असतं, तर तो मार्क गेला नसता.

हे मला कळलं तेव्हा मी स्वतः हरखून गेले होते, कारण इतर शेपटांनाही हेच लागू पडतं. ‘वाय’ घ्या. नामाला लागला की विशेषण: हंगरचं हंग्री, अँगरचं अँग्री, सॉल्टचं सॉल्टी, हेल्थचं हेल्दी. विशेषणाला लागला की नाम: ऑनेस्टचं ऑनेस्टी, डिफिकल्टचं डिफिकल्टी. ‘एएल’ क्रियापदाला लागला की नाम: अराइव्हचं अरायव्हल, रिफ्यूजचं रिफ्यूजल, अप्रूव्हचं अप्रूव्हल. नामाला लागला की विशेषण: नेशनचं नॅशनल, कल्चरचं कल्चरल. ‘ईआर’ क्रियापदाला लागला तर करणारा माणूस, टीचर. विशेषणाला लागला तर तुलना, टॉलर. अपवाद आहेत. ‘अग्ली’मधून ‘ली’ काढून काही उरत नाही, तरी ते विशेषण आहे. ‘डेली’ विशेषणही होतं आणि क्रियाविशेषणही. पण शंभर वेगवेगळे शब्द पाठ करण्यापेक्षा हा दोन रकान्यांचा तक्ता जास्त कामाला येतो.

नामरूपाकडं येते, कारण तुमच्या पत्रातली तिसरी चूक तिथली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळ्यात जास्त तेच पुढ्यात येणार आहे. विशेषणाचं किंवा क्रियापदाचं नाम करायचं तर कुठला प्रत्यय लावायचा, याचा एकच नियम इंग्रजीत नाही, आणि मुलं तिथंच वैतागतात. अशा वेळी तिला मराठीकडं वळवा. गोडचा गोडवा, मोठाचा मोठेपणा, शांतची शांतता, धीटची धिटाई, गरीबची गरिबी, माणूसची माणुसकी, पाटीलची पाटिलकी, गुलामची गुलामगिरी. इथं तरी कुठं एकच नियम आहे? तरी ‘मोठता’ किंवा ‘शांतगिरी’ असं घरातलं लहान पोरही म्हणणार नाही. आपल्याला ते कुणी पाठ करायला लावलं नाही, बोलता बोलता कानात बसलं. तरी त्यात एक सूत्र आहे. ‘ता’ बहुतेक संस्कृतातून आलेल्या शब्दांना लागतो, ‘गिरी’ फारसीतून आला, आणि ‘पणा’ आपल्या घरचा, तो जवळपास कुणालाही लागतो.

इंग्रजीतही असेच दोन-तीन घरांचे प्रत्यय एकत्र नांदतात. ‘नेस’, ‘हुड’, ‘शिप’, ‘डम’ हे इंग्रजीचे जुने, घरचे. ‘शन’, ‘मेंट’, ‘इटी’, ‘अन्स’ हे फ्रेंच आणि लॅटिनमधून आले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर हे पाहुणे मोठ्या संख्येनं शिरले. म्हणून एबलचं एबिलिटी, इक्वलचं इक्वॉलिटी होतं, पण काइंडचं काइंडनेस, डार्कचं डार्कनेस. ‘नेस’ म्हणजे आपला ‘पणा’. विशेषणाचं नामरूप अजिबातच आठवलं नाही तर ‘नेस’ लावून बघायला सांगा, कोरी जागा सोडण्यापेक्षा ते बरं. पण तयार रूप चलनात असेल तर ‘नेस’ मागं पडतो. पुअरचं पॉव्हर्टी, वाइजचं विझडम, प्राउडचं प्राइड. आपणही ‘गरीबपणा’ म्हणू शकतो, पण म्हणतो ‘गरिबी’च.

एक जात मला विशेष आवडते, ती शेवटी ‘टीएच’ येणाऱ्या नामांची. स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ, लाँगचं लेंग्थ, डीपचं डेप्थ, वाइडचं विड्थ, वॉर्मचं वॉर्म्थ, ट्रूचं ट्रूथ. यातल्या बऱ्याच शब्दांत शेवटाला प्रत्यय लागतो आणि आतला स्वरही बदलतो. मुलांना हे मनमानी वाटतं. तुम्ही तिला विचारा, शूरचं काय होतं? शौर्य. धीरचं धैर्य, सुंदरचं सौंदर्य, उदारचं औदार्य. आपल्याकडंही शेवटी ‘य’ लागतो आणि पहिला स्वर फुगतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. संस्कृतात ती वृद्धी आहे. स्ट्रेंग्थ, लेंग्थ अशा शब्दांत, जुन्या इंग्रजीच्याही आधी, त्या प्रत्ययात ‘इ’चा स्वर होता, त्यानं आधीच्या स्वराला आपल्याकडं ओढलं आणि मग तो ‘इ’ स्वतः गळून गेला. पण शूर–शौर्य ज्याच्या कानात बसलंय त्याला स्ट्राँग–स्ट्रेंग्थ परकं वाटायचं कारण नाही.

काही शब्द नाम होताना काहीच लावून घेत नाहीत. होप, हेल्प, आन्सर, लव्ह, फिअर हे दोन्हीकडं तसेच. काहींत फक्त जोर सरकतो: रेकॉर्ड, परमिट, ऑब्जेक्ट, इम्पोर्ट हे शब्द नाम असतील तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असतील तर पुढच्या. काहींत शेवटचा आवाज बदलतो, आणि इथं आपण मराठी लोक फार गफलत करतो. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, शेवटी ‘स’, स्पेलिंगमध्ये ‘सी’. सल्ला देणं म्हणजे ‘ॲडव्हाइझ’, स्पेलिंगमध्ये ‘एस’. नाम असेल तर ‘यूस’, क्रियापद असेल तर ‘यूझ’. आपण सरसकट ‘यूज’ म्हणतो. बिलीव्हचं बिलीफ, प्रूव्हचं प्रूफ. नामाचा शेवट स, फ असा हलका, क्रियापदाचा झ, व्ह असा घुमणारा.

उरलेले, चूजचं चॉइस, लूजचं लॉस, सेलचं सेल पण स्पेलिंग वेगळं, फ्लायचं फ्लाइट, थिंकचं थॉट, डायचं डेथ, हे पाठच करायचे. आठवड्याला दहा पुरेत.

पण नामरूप नुसतं आठवून भागत नाही, आणि तुमच्या लेकीचा मार्क नेमका इथं गेलाय. तिला ‘अँगर’ बरोबर आठवलं. तिनं ‘अँग्री’ काढून त्याच खड्ड्यात ‘अँगर’ ठेवलं. बाहीच्या जागी पाठीचा तुकडा लावल्यासारखं झालं ते. तिला ते वाक्य तसंच्या तसं मराठीत म्हणायला लावा: ‘ती फार राग होती.’ ती हसेल. मग विचारा, नीट कसं म्हणशील? ‘ती फार रागावली होती’ किंवा ‘तिला फार राग आला होता.’ नाम आलं की मराठीत सगळं वाक्य सरकतं, ‘ती’ची ‘तिला’ होते आणि ‘आला’ हे क्रियापद लागतं. इंग्रजीतही वाक्य उसवून पुन्हा शिवावं लागतं: ‘शी वॉज फुल ऑफ अँगर.’ ‘व्हेरी’ गेला, कारण तो नामाबरोबर राहत नाही. ‘फुल ऑफ’ आला आणि त्याच्या पुढं नामाला बसायला जागा झाली.

या उसवण्याच्या दोन-तीन टाक्यांचा सराव झाला की बहुतेक प्रश्न सुटतात. क्रियाविशेषणाचं नाम करायचं असेल तर ‘विथ’ घ्या. ‘दे फॉट ब्रेव्हली’चं ‘दे फॉट विथ ब्रेव्हरी’, जसं ‘धीटपणे’चं ‘धिटाईनं’. क्रियापदाचं नाम करायचं असेल तर गेलेल्या क्रियापदाच्या जागी दुसरं आणावं लागतं, आणि क्रियाविशेषण असेल तर त्याचं विशेषण होतं. ‘ही आन्सर्ड पोलाइटली’चं ‘ही गेव्ह अ पोलाइट आन्सर’. मराठीत तरी काय, ‘नम्रपणे उत्तरला’चं ‘नम्र उत्तर दिलं’च होतं. कर्ता कधी कधी ‘ऑफ’च्या मागं जातो. ‘द बस अराइव्ड’चं ‘द अरायव्हल ऑफ द बस’. बस आली, बसचं येणं. तुम्हाला षष्ठी माहीत आहे, मग हे कळायला एक मिनिट लागेल.

नवं क्रियापद कुठलं आणायचं, हा मात्र कानाचा प्रश्न. आपण निर्णय घेतो, चूक करतो, उत्तर देतो, लक्ष देतो, काळजी घेतो. कुणी ‘निर्णय देऊन आले’ म्हटलं तर आपल्याला न्यायाधीश आठवतात. इंग्रजीत निर्णयाला ‘मेक’ लागतो, चुकीलाही ‘मेक’, उत्तराला ‘गिव्ह’, लक्षाला ‘पे’, काळजीला ‘टेक’. म्हणून वहीत नामरूप कधी एकटं लिहू देऊ नका. ‘डिसिजन’ असं न लिहिता ‘मेक अ डिसिजन’ लिहायचं, ‘अटेन्शन’ न लिहिता ‘पे अटेन्शन’. काही नामांना ‘एस’ लावून अनेकवचन होत नाही, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, होमवर्क, फर्निचर, लगेज. त्यांची एक यादी तक्त्याच्या कोपऱ्यात असू द्या.

आता लेकीचं. ती तुम्हाला तोडून बोलली नाही, तिला मार्कांची भीती वाटली. या वर्षी सगळ्या घरांतून दहावीच्या पोरांना तेवढंच ऐकू येतं. तिच्याशी आधी सरळ बोला: ‘हंग्रीचं मी चुकीचं सांगितलं, आणि का चुकलं ते मला आता कळलंय.’ मग ‘मला भूक लागलीय’ आणि ‘मी उपाशी आहे’ ही दोन वाक्यं सांगा. आईला आपली चूक उलगडून सांगताना पाहणं हे पोरींसाठी मोठं असतं, मी ते वर्गात शिक्षिका म्हणून अनुभवलंय. फळ्यावर माझी चूक निघाली आणि मी ती कशी झाली ते सांगितलं, तो तास मुली कधी विसरल्या नाहीत.

त्यापुढं उत्तरं तुम्ही देऊ नका. इंग्रजी तिच्याकडं आहे, व्याकरण तुमच्याकडं आहे. तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना तिनं पुस्तकातलं एक वाक्य वाचावं, एका शब्दाची जात सांगावी, आणि तुम्ही फक्त विचारावं, ‘कशावरून?’ मागं कोण आहे, पुढं कोण आहे, ‘व्हेरी’ लागतो का, शेपूट कुणाला जोडलंय. ती सांगू शकली तर बरोबर. अडली तर तेच वाक्य मराठीत कर म्हणावं, आणि मराठी शब्दाची जात तशीच उचलू नको याची आठवण द्यावी. टीप मारता मारता रोज पाच वाक्यं झाली तरी खूप झाली.

दोघीही अडलात तर शब्दकोश उघडा. चांगल्या कोशात प्रत्येक शब्दापुढं त्याची जात दिलेली असते, एकाच शब्दाच्या दोन-तीन जाती असतील तर त्या वेगवेगळ्या मांडलेल्या असतात, आणि प्रत्येकीखाली वाक्य असतं. ते वाक्य वाचल्याशिवाय कोश मिटू नका. घरी मोठा कोश नसेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालापासून ते या शहराला पुस्तकं पुरवतंय. एका रविवारी दोघी जाऊन ‘राउंड’ हा शब्द काढा आणि किती जाती सापडतात ते मोजा.

आज रात्री तिला वही मागू नका. एका कागदावर हे एक वाक्य इंग्रजीत लिहून तिच्या पुस्तकात ठेवा: ‘द हंग्री गर्ल एट हंग्रिली टिल हर हंगर वॉज गॉन.’ भुकेचे तीन अवतार एका ओळीत आहेत. प्रत्येक शब्दावर तिनं जात लिहावी, आणि कशावरून ते तुम्हाला तोंडी सांगावं. ‘टिल’वर ती काय लिहिते, ते मला नक्की कळवा.